शालवीथीतला तरुण मास्तर

शांतिनिकेतन म्हटलं की रवींद्रनाथांची दाढीधारी मूर्ती डोळ्यांपुढे उभी राहते. पण याच शाळेत सुमारे वर्षभर शिकवून बाविशीच्या उंबरठ्यावर जगाचा निरोप घेणारा एक शिक्षक होता. रवींद्रनाथ त्याला अखेरपर्यंत विसरले नाहीत. शांतिनिकेतनच्या झाडांखालून चालताना त्याची ओळख करून घ्यायलाच हवी!

हावड्याहून निघालेली गाडी वर्धमान मागे टाकते आणि खिडकीबाहेरचा रंग हळूहळू पालटू लागतो. भाताच्या हिरव्यागार खाचरांमधून तांबडी माती डोकावायला लागते. कोकणातल्या माणसाला ती लगेच ओळखीची वाटावी, कारण ही माती जांभ्याचीच. अजय नदीचा पूल ओलांडला की बीरभूम जिल्हा लागतो आणि थोड्याच वेळात बोलपूर-शांतिनिकेतन स्टेशन येतं. कोलकात्यापासून अंतर सुमारे दीडशे किलोमीटर, प्रवास अडीच-तीन तासांचा. स्टेशनबाहेर ‘टोटो’ नावाच्या बॅटरीवर चालणाऱ्या रिक्षा उभ्या असतात. बोलपूरच्या बाजाराची गर्दी मागे पडली की रस्त्याच्या दुतर्फा झाडी दाट होत जाते आणि शांतिनिकेतन आलं हे कुणी सांगायची गरज उरत नाही.

सप्टेंबर 2023 मध्ये ‘युनेस्को’नं शांतिनिकेतनचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. तेव्हापासून इथे येणाऱ्यांचं कुतूहल आणखी वाढलं आहे. पर्यटकांची फेरी साधारण ठरलेली असते. आधी छातिमतला. छातिम म्हणजे आपली सातवीण. याच झाडांखाली रवींद्रनाथांचे वडील महर्षी देवेंद्रनाथ ध्यानाला बसत. मग 1891 मध्ये उभारलेलं रंगीत काचांचं उपासना मंदिर, त्यानंतर आम्रकुंज, रवींद्रनाथांची राहती घरं आणि संग्रहालय. पुढे कोपाई नदी, पावसानं तांबड्या जमिनीत कोरलेल्या घळी म्हणजेच ‘खोआई’, आणि सोनाझुरीच्या झाडांखालचा हाट. कांथाभरतकामाच्या साड्या, बाऊलांची गाणी, फोटो... दिवस कसा सरतो ते कळत नाही.

या धावपळीत शालवृक्षांची एक रांग मात्र नुसतीच ओलांडली जाते. तिला ‘शालवीथी’ म्हणतात. तिथे काच नाही, शिल्प नाही, तिकीट नाही. उंच सरळ खोड, वर पानांचं छत आणि खाली पाचोळ्याची पायवाट. या पायवाटेवर एकेकाळी संध्याकाळी दोन माणसं बोलत बोलत चालत असत. एक होते चाळिशी ओलांडलेले रवींद्रनाथ आणि दुसरा त्यांच्या निम्म्या वयाचा सतीशचंद्र राय.

पाच मुलांची शाळा

सतीशचंद्र इथे आला तेव्हाचं शांतिनिकेतन आजच्यासारखं नव्हतं. देवेंद्रनाथांनी 1863 मध्ये रायपूरच्या सिंह जमीनदारांकडून वीस बिघे जमीन कायम पट्ट्यानं घेतली तेव्हा इथे जवळजवळ ओसाड माळरान होतं. त्यांनी एक घर बांधलं, झाडं लावली आणि त्या घराला शांतिनिकेतन असं नाव दिलं. पुढे 22 डिसेंबर 1901 रोजी, म्हणजे बंगाली पंचांगानुसार 7 पौषाला, रवींद्रनाथांनी इथे ‘ब्रह्मचर्याश्रम’ नावाची शाळा काढली. विद्यार्थी किती? इनमिन पाच! त्यांत एक त्यांचाच थोरला मुलगा रथींद्रनाथ.

सुरुवातीला मुलांकडून फी घेतली जात नव्हती. त्यामुळे पैशांची कायम ओढाताण असे. रवींद्रनाथांनी पुरीचा समुद्रकाठचा बंगला विकला. पत्नी मृणालिनीदेवींनी अंगावरचे दागिने उतरवून दिले आणि मुलांच्या जेवणाखाणाची जबाबदारीही उचलली. पण शाळेला वर्ष व्हायच्या आतच, नोव्हेंबर 1902 मध्ये त्या गेल्या. पुढच्याच वर्षी मधली मुलगी रेणुका क्षयानं दगावली. एकीकडे घरातली माणसं एकेक करून जात होती आणि दुसरीकडे कवीच्या या उद्योगाकडे कोलकात्यातली शहाणी माणसं संशयानं पाहत होती.

शिक्षक तरी कुठून आणायचे? काही तर टागोरांच्या जमीनदारीच्या कचेरीतून उचलून आणलेले होते. जगदानंद राय तिथलेच. विज्ञानाची आवड पाहून रवींद्रनाथांनी त्यांना शाळेत आणलं. रात्री दुर्बिणीतून मुलांना आकाश दाखवणारे मास्तर म्हणून ते पुढे ओळखले गेले. हरिचरण बंदोपाध्याय हेही कचेरीतलेच. दिवसा हिशेब आणि संध्याकाळी संस्कृतचा अभ्यास, असा त्यांचा क्रम होता. रवींद्रनाथांनी त्यांना शाळेत बोलावून संस्कृत शिकवायला बसवलं. पुढे याच हरिचरणबाबूंनी एकट्यानं ‘बंगीय शब्दकोश’ हा प्रचंड कोश तयार केला. नव्वदी पार करून 1959 मध्ये ते गेले.

हरिचरणबाबूंना दीर्घ आयुष्य लाभलं. सतीशच्या वाट्याला मात्र जेमतेम वर्षभर आलं.

पास होण्याची भीती!

सतीशचा जन्म 1882 चा, बारिसाल जिल्ह्यातल्या उजिरपूर गावचा. हा भाग आज बांगलादेशात आहे. घरची परिस्थिती बेताची. शिकायला तो कोलकात्याला आला आणि तिथे त्याची अजितकुमार चक्रवर्ती या वयानं लहान पण तितक्याच साहित्यवेड्या मित्राशी गट्टी जमली. अजितनं त्याला रवींद्रनाथांकडे नेलं. सोबत कवितांची वही होती.

रवींद्रनाथांनी वही वाचली. कवितेत जान आहे हे त्यांना दिसलं, पण कच्चेपणाही दिसला आणि तो त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितला. एखादा कवी अशा वेळी हिरमुसला असता. सतीशनं मात्र ते सारं शांतपणे, आदरानं ऐकून घेतलं. रवींद्रनाथांच्या मनात त्यानं घर केलं ते तिथेच.

बोलपूरच्या शाळेबद्दल ऐकल्यावर सतीशचं मन तिकडे ओढ घेऊ लागलं. तेव्हा त्याची बी.ए.ची परीक्षा तोंडावर आली होती आणि मोठ्या यशाची सगळ्यांना खात्री होती. आणि नेमका इथेच त्यानं परीक्षेला न बसण्याचा निर्णय घेतला! का? रवींद्रनाथांनी पुढे आपल्या लेखात याचं जे कारण सांगितलं आहे ते मोठं विलक्षण आहे. नापास होण्याची नव्हे, पास होण्याची त्याला भीती वाटली. पदवी हाती आली की नोकरी, पगार, घरच्यांच्या अपेक्षा यांचं जोखड मानेवर बसणार आणि मग माळरानावरच्या या शाळेत येणं कायमचं राहून जाणार, हे त्यानं ओळखलं होतं.

गरीब घरातल्या हुशार मुलानं असं करणं किती अवघड असतं हे कुठल्याही मध्यमवर्गीय मराठी घराला सांगायला नको. घरातला पहिला बी.ए. म्हणजे साऱ्या कुटुंबाची पुढची पंचवीस वर्षं. सतीशनं ती वाट सोडली आणि तो बोलपूरला येऊन मुलांमध्ये राहू लागला.

मुलांना कळेल का?

शिकवायची त्याची तऱ्हा वेगळीच होती. शिक्षणशास्त्राची पदवी त्याच्याकडे नव्हती. जे स्वतःला आवडलं ते मुलांना द्यायचं, एवढंच त्याला ठाऊक होतं. कालिदास आवडला, दिला. शेक्सपिअर आवडला, दिला. ब्राउनिंग हा इंग्रजी कवी मोठ्यामोठ्यांनाही जड जातो, पण सतीश तोही मुलांपुढे मोठ्यानं वाचत असे. मुलांचं इंग्रजी ते केवढं! पण वाचणाऱ्याचा चेहरा उजळलेला, आवाज भारलेला... शब्दांचा अर्थ निसटला तरी काहीतरी मोठं आपल्यापुढे चाललं आहे, एवढं मुलांपर्यंत नक्की पोचत असे.

‘एवढ्याशा मुलांना हे कळेल का?’ हा प्रश्न बहुतेक शिक्षकांना आणि पालकांना पडतो. सतीशला तो पडत नसे. प्रत्येक शब्दाचा अचूक अर्थ मुलाला कळायलाच हवा असं नाही, त्याचं मन जागं झालं पाहिजे, अशी त्याची धारणा होती. पुस्तक आणि मुलं यांच्यामध्ये निरोप्यासारखं उभं राहणं त्याला जमत नव्हतं. तो स्वतःच मुलांचं पुस्तक झाला होता.

वर्ग संपला म्हणून मास्तर संपला, असंही नव्हतं. मुलांशी त्याच्या गप्पा चालत त्या त्याला स्वतःला भावलेल्या लहानमोठ्या साऱ्याच गोष्टींच्या. दिवस मावळल्यावर शालवीथीत रवींद्रनाथांबरोबर फेऱ्या होत. कविता, शाळा, पुढचे बेत... पत्नी आणि मुलगी गमावलेल्या, शाळेच्या खर्चानं जेरीला आलेल्या त्या माणसाला या तरुणाच्या सोबतीनं किती धीर मिळाला असेल! आपल्या मनातली शाळा केवळ कल्पना नाही, ती प्रत्यक्षात येऊ शकते, हे त्यांना सतीशकडे पाहून पटत होतं.

माघी पौर्णिमा

आणि मग 1904 साल उजाडलं. सतीशला देवी आल्या.

आज ज्यांच्या दंडावर देवीच्या लसीचा वण आहे अशी पिढी पन्नाशीपलीकडे गेली आहे. भारतात या रोगाचे शेवटचे रुग्ण 1975 मध्ये आढळले आणि जागतिक आरोग्य संघटनेनं 1980 मध्ये हा रोग जगातून हद्दपार झाल्याचं जाहीर केलं. त्यामुळे देवी म्हणजे काय हे तरुण वाचकांना कळणार नाही. घरात एकाला देवी आल्या की अख्खं गाव धास्तावत असे. औषध असं नव्हतंच.

1 फेब्रुवारी 1904. माघी पौर्णिमा. त्या दिवशी सतीश गेला. वय एकवीस-बावीस. बोलपूरला येऊन सुमारे वर्ष झालेलं.

साथीच्या भीतीनं शाळा तिथे चालू ठेवणं शक्य नव्हतं. मुलांना काही काळ पद्मा नदीकाठच्या शिलाईदहला, टागोरांच्या जमीनदारीच्या ठिकाणी हलवण्यात आलं. पाच मुलांनिशी सुरू झालेली शाळा तिसऱ्याच वर्षी अशी गाशा गुंडाळून निघाली. ती परत येईल की नाही, अशी शंका तेव्हा कुणाच्या मनात आली असेल तर त्यात नवल नाही. पण शाळा परतली, मुलंही परतली आणि शालवीथीत पुन्हा वर्ग भरू लागले.

बंगालीत देवीच्या रोगाला ‘बसंत’ म्हणतात. ऐन वसंताच्या सुमाराला त्याची साथ येते म्हणून. शांतिनिकेतनचा वसंतोत्सव आज जगाला ठाऊक आहे. त्याची सुरुवातही अशाच एका छोट्या जिवाशी जोडलेली आहे. रवींद्रनाथांचा धाकटा मुलगा शमींद्र हा याच शाळेचा विद्यार्थी. 1907 च्या वसंतपंचमीला त्यानं मित्रांना जमवून ऋतूंचा छोटासा उत्सव केला. त्याच वर्षी नोव्हेंबरात, आईच्या मृत्यूला पाच वर्षं पुरी होत असताना, मुंगेरला तो पटकीनं गेला. तेव्हा तो अकरा वर्षांचाही झाला नव्हता. गुलाल उधळणाऱ्या गर्दीला याची आठवण असो वा नसो, या बागेची मुळं अशा मातीत गेली आहेत.

गुरुदक्षिणा

सतीशच्या मागे काय उरलं? काही कविता, थोडं गद्य आणि ‘गुरुदक्षिणा’ नावाची एक कथा. ती त्यानं आश्रमातल्या मुलांसाठी लिहिली होती. तिचा नायक उत्तंक आपल्याला महाभारताच्या आदिपर्वातून परिचित आहे. गुरुपत्नीनं गुरुदक्षिणा म्हणून पौष्य राजाच्या राणीची कुंडलं मागितली. उत्तंकानं ती मिळवली, पण वाटेत तक्षकानं पळवली. उत्तंक थेट नागलोकात गेला आणि ठरल्या वेळेच्या आत कुंडलं घेऊन गुरूच्या दारी हजर झाला. घेतलेलं फेडण्यासाठी जिवाचं रान करणाऱ्या शिष्याची ही कथा. ती लिहिणाऱ्यानं गुरूसाठी विद्यापीठाची पदवी सोडली होती, हे ध्यानात घेतलं की तिचा अर्थ आणखी गहिरा होतो.

अजितकुमार चक्रवर्ती मित्रामागोमाग शाळेत आला आणि त्याची जागा चालवू लागला. सतीशचं विखुरलेलं लेखन एकत्र करून त्याचं पुस्तक काढण्याचं कामही त्यानंच केलं. रवींद्रनाथांच्या साहित्याचा जाणता समीक्षक म्हणून अजितकुमारचं नाव झालं. पण 1918 च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत तोही बत्तिसाव्या वर्षी गेला.

‘गुरुदक्षिणा’ बंगालबाहेर नेली ती एका इंग्रजानं. विल्यम पिअर्सन कोलकात्यातल्या मिशनच्या कॉलेजात शिकवायला आले आणि बंगाली शिकून शांतिनिकेतनचेच होऊन गेले. शाळेची ओळख करून देणारं पुस्तक त्यांनी 1916 मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केलं. त्यात सतीशच्या कथेचा अनुवाद त्यांनी आवर्जून घातला. सोबत मुकुल डे या शाळेच्याच विद्यार्थ्यानं काढलेली चित्रं होती. सतीशला पिअर्सननी कधी पाहिलं नव्हतं. पण शाळा सांगायची तर सतीशला वगळून सांगता येणार नाही, हे त्यांना कळलं होतं.

पिअर्सनही मुलांचे फार लाडके. 1915 मध्ये गांधीजी इथे आले. आश्रमाची सगळी कामं, अगदी स्वयंपाकसुद्धा, मुलांनी आणि शिक्षकांनीच करावीत असा प्रयोग त्यांनी 10 मार्चला सुरू केला. त्या वेळी हसतमुखानं कामाला भिडणाऱ्यांत पिअर्सन पुढे होते, असं गांधीजींनी आत्मकथेत लिहिलं आहे. भांडी घासणाऱ्यांचा शीण हलका व्हावा म्हणून काही मुलं शेजारी बसून सतार वाजवत! या प्रयोगात एक मराठी माणूसही हिरिरीनं उतरला होता. ते म्हणजे साताऱ्यात जन्मलेले काका कालेलकर. तेव्हा ते काही महिने शांतिनिकेतनात शिकवत होते. प्रयोग फार दिवस टिकला नाही, पण 10 मार्च हा दिवस शांतिनिकेतनात ‘गांधी पुण्याह’ म्हणून पाळण्याची प्रथा पडली. त्या दिवशी आचारी आणि सफाई कामगारांना सुट्टी देऊन मुलं-शिक्षक हातात झाडू घेतात.

पिअर्सन 1923 मध्ये इटलीत धावत्या गाडीतून पडून गेले. वय अवघं बेचाळीस. त्यांच्या नावानं शांतिनिकेतनात पुढे रुग्णालय उभं राहिलं. सतीशच्या आजारपणात त्या माळावर जे नव्हतं ते त्याच्या अनुवादकाच्या नावानं आलं, हा योगायोग चटका लावणारा आहे.

झाडाखालचा वर्ग

सतीशला जाऊन बारा-तेरा वर्षं झाल्यावर नोबेल विजेते रवींद्रनाथ अमेरिकेत व्याख्यानं देत फिरत होते. 1917 मध्ये ती पुस्तकरूपानं आली. त्यातल्या ‘माझी शाळा’ या व्याख्यानात परक्या देशातल्या श्रोत्यांना त्यांनी कुणाबद्दल भरभरून सांगितलं असेल, तर ते या बारिसालच्या पोराबद्दल. मोठ्या पंडितांची नावं घेता आली असती. पण आपली शाळा काय आहे हे समजावून सांगायला त्यांना सतीशच हवा होता. आयुष्याच्या उतरणीवर आश्रमाविषयी लिहितानाही सतीश त्यांच्या लेखणीतून पुन्हा आलाच.

आज ब्रह्मचर्याश्रमाचं नाव ‘पाठभवन’ आहे आणि विश्वभारती विद्यापीठाचा तो भाग आहे. सकाळी ‘वैतालिक’ म्हणजे समूहगायन होतं. मग मुलं आपापली आसनं घेऊन झाडांखाली गोल करून बसतात. शिक्षकांना ‘सर’ किंवा ‘मॅडम’ न म्हणता नावापुढे ‘दा’ किंवा ‘दी’ लावून हाक मारायची पद्धत आहे. दा म्हणजे दादा, दी म्हणजे दीदी. पाऊस आला की वर्ग आत हलतो. सुट्टी रविवारी नसते, बुधवारी असते. त्या दिवशी सकाळी काचेच्या मंदिरात उपासना होते.

शांतिनिकेतनला जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. उन्हाळ्यात बीरभूमचा माळ भाजून काढतो. 7 पौषाला, साधारणपणे 23 डिसेंबरच्या सुमाराला, शाळेचा स्थापनादिन आणि पौषमेळा असतो. तेव्हा राहण्याची सोय आधीच केलेली बरी. आश्रमाच्या आवारात पर्यटकांना कधी आणि कुठवर सोडायचं याचे नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून आधी चौकशी करून जावं. मुलांचा वर्ग चालू असेल तर त्यांना कॅमेऱ्याचा त्रास देऊ नये.

कार्यक्रमात शालवीथीसाठी अर्धा तास राखून ठेवावा. तो वेळ संध्याकाळचा असला तर फारच छान आणि माघातल्या पौर्णिमेचा असला तर काय सांगावं! शालाची जुनी पानं त्या दिवसांत गळत असतात आणि नवी पालवी यायला अजून अवकाश असतो. पायाखाली पाचोळा वाजत राहतो. सोबत मुलं असतील तर त्यांना उत्तंकाची गोष्ट सांगावी. ती त्यांना कळेल की नाही याची चिंता मात्र करू नये. सतीशनं ती कधी केली नव्हती.